पेरणीआधीच बिघडलेला माझा प्रयोग

एम.एस्सी. (कृषी)च्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझा प्रबंध दोन मिनिटं चाळला आणि विचारलं, "रानाला उतार कुठल्या अंगाला होता?"

"पूर्वेला, सर."

"आणि ब्लॉक कसे पाडलेत?"

मी आराखड्याचं पान उघडलं आणि गप्प झाले. दीड वर्ष डोळ्यांसमोर असलेलं ते पान तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं.

प्रयोग साधा होता. सोयाबीन, खताच्या सात ट्रीटमेंट (तपासायच्या मात्रा), प्रत्येकीची तीन रिप्लिकेशन (पुनरावृत्ती), म्हणजे आरबीडीचे (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन: रानाचे गट, म्हणजे ब्लॉक, पाडून प्रत्येकात सगळ्या ट्रीटमेंट चिठ्ठीने लावायच्या) २१ प्लॉट. कागदावर सगळं नियमात. एररला (ट्रीटमेंट आणि ब्लॉक यांनी न उलगडणाऱ्या फरकाला) १२ डिग्री ऑफ फ्रीडम (तो फरक मोजायला हाताशी असलेले स्वतंत्र आकडे) मिळत होत्या, आणि निदान तेवढ्या असाव्यात असं आमच्याकडे सांगतातच. चूक झाली ती आखणीत. ब्लॉक पाडायचा तो जमिनीतला फरक वेगळा काढण्यासाठी. एका ब्लॉकमधले सगळे प्लॉट शक्य तितके सारखे हवेत. फरक पडायचा तो एका ब्लॉकपासून दुसऱ्यात पडू दे. म्हणून उताराच्या रानात ब्लॉक उताराला आडवे घ्यायचे. मी ते उताराच्या दिशेने उभे घेतले. कारण? बांध तसा होता, टेप धरायला सोपं जात होतं. ऑगस्टात झड लागली आणि प्रत्येक ब्लॉकचं वरचं टोक मुरमाड, खालचं पाणी साचून पिवळं पडलेलं. तो सगळा फरक एररमध्ये जमा झाला. सी.व्ही. (एररचं सरासरीशी टक्केवारीतलं प्रमाण) फुगला आणि तक्त्यात ट्रीटमेंटपुढे 'एन.एस.' (नॉन-सिग्निफिकंट, म्हणजे फरक सिद्ध होत नाही) आलं.

तरी एका गोष्टीने अब्रू वाचली. रँडमायझेशन, म्हणजे कुठल्या प्लॉटला कुठली ट्रीटमेंट हे नशिबावर सोडणं, मी खरोखर चिठ्ठ्या टाकून केलं होतं. पाहुणे येतात तेव्हा चांगला प्लॉट रस्त्याकडेला दिसावा आणि कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला प्लॉट) मागे कोपऱ्यात असावा, असा मोह सगळ्यांनाच होतो. समजा, मी तिन्ही ब्लॉकमध्ये कंट्रोल वरच्या मुरमाड टोकाला टाकला असता, तर प्रत्येक खतमात्रा जिंकली असती आणि मी ते आनंदाने छापलं असतं. ब्लॉक चुकले की खरा फरकही दिसेनासा होतो. चिठ्ठ्या टाळल्या की नसलेला फरक दिसायला लागतो. दुसरं जास्त घातक, कारण ते सहसा पकडलं जात नाही.

संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३८ मध्ये कोलकात्याच्या सांख्यिकी परिषदेत सांगितलं होतं की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे बहुतेक वेळा त्याच्याकडून शवविच्छेदन करून घेणं. मी आकडे घेऊन गेले ते कापणीनंतर. प्रबंधाच्या संदर्भसूचीत पानसे आणि सुखात्मे (त्यांचं शेतीच्या प्रयोगांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक) होते, आमच्याकडे ते प्रत्येकाच्याच असतात. वाचायला मात्र पेरणीआधी हवे होते.

माझ्या एका मित्राची गंमत वेगळी. त्याने प्रत्येक प्लॉटमधली पाच झाडं मोजली आणि ट्रीटमेंटला १५ निरीक्षणं धरली. सगळं कसं 'सिग्निफिकंट' (फरक सिद्ध)! पण खत दिलं होतं प्लॉटला, झाडाला नाही. एका प्लॉटमधली पाच झाडं एकाच मातीत, एकाच पाण्यावर वाढलेली. त्यांची सरासरी म्हणजे एकच आकडा. ट्रीटमेंटला रिप्लिकेशन तीनच. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला नावच दिलं, स्यूडोरिप्लिकेशन, म्हणजे खोटी पुनरावृत्ती. ती अजून सर्रास होते.

कडेच्या ओळींना ऊन-वारा जास्त मिळतो, म्हणून उत्पादन नेट प्लॉटचंच (कडेच्या ओळी सोडून उरलेल्या मधल्या भागाचं) घ्या, हे तुम्हाला कोणीही सांगेल. कमी लोक सांगतात ते हे: रोग किती आहे याचे गुण देणाऱ्याच्या हातात ट्रीटमेंटची यादी देऊ नका, फक्त प्लॉट नंबर द्या. मी स्वतः माझ्या लाडक्या ट्रीटमेंटच्या पानावरचे ठिपके कमी मोजत असे. मुद्दाम नव्हे, पण मोजत असे.

आणि एका हंगामाच्या, एका रानाच्या जोरावर शेतकऱ्याला शिफारस लिहू नका. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या शिफारशी संयुक्त अ‍ॅग्रेस्कोपुढे (विद्यापीठांच्या संशोधन आढावा बैठकीपुढे) जातात, तिथे पहिला प्रश्न किती वर्षं आणि किती ठिकाणं हाच असतो. तुमच्या प्रबंधाच्या शेवटी "या हंगामात, या जमिनीत" एवढं लिहिलंत तरी पुरे.

आता नवीन रान मिळालं की मी आधी मोठ्या पावसात छत्री घेऊन तिथे फिरते, पाणी कुठे थांबतं ते कागदावर काढते. मग मुकादमांना विचारते. परवा एका रानात त्यांनी लांबूनच बोट दाखवलं, "मॅडम, त्या लिंबाखाली आमच्या वडिलांच्या वेळी उकिरडा होता." माती परीक्षणासाठी मी त्या रानातून नमुने घेतले होते, सगळे मधल्या भागातले.