पंप काढण्याआधी पान उलटा: हापूसच्या बागेतले जाळीवाले कोळी

थंडी लागली की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या हापूसच्या बागांत फवारणीचे पंप बाहेर निघतात. त्यात ढग आले तर घाई आणखी वाढते. त्या घाईत एक काम राहून जाते, पान उलटून कीड खाणारे कोळी बघण्याचे. या एका हयगयीपायी मोहोर गेलेल्या बागा मी दरवर्षी बघतो आणि दोष मात्र हवामानाला दिला जातो.

सकाळी दव वाळायच्या आत बागेत जा. एरवी न दिसणारी जाळी दवामुळे उठून दिसतात. कलमाच्या आतल्या भागातली जून पाने उलटा. पानाच्या खोलगटात विस्कटलेल्या धाग्यांचा गुंता आणि त्यात उलटा लटकलेला दोन-चार मिलिमीटरचा कोळी दिसेल. पोट टपोरे, पाय बारीक. हा थेरिडिडी कुळातला. मादी असेल तर बहुधा अंड्यांची गोल पिशवी जवळ धरून बसलेली असते. भक्ष्य धाग्यात अडकले की ती मागच्या पायांनी त्याच्यावर चिकट धागा फेकते. त्या पायांवर केसांची फणी असते. गुंत्यात अडकलेली वाळकी टरफले नीट बघा. मोहोराचा रस शोषणारे तुडतुडे, पंखवाला मावा, बारीक माश्या, सगळे तिथे सापडते.

जाळी दिसली की गडी झाडूने काढतो, नाहीतर मालक फोटो घेऊन दुकानात जातो. दुकानदार ‘कोळी’ ऐकून महागडे कोळीनाशक हातात ठेवतो. ते औषध लाल कोळीसारख्या, पानातला रस शोषणाऱ्या किडीचे. जाळे विणून बसलेला हा कोळी पानाला तोंड लावत नाही. पाने एकमेकांना चिकटून वाळली असतील, आत विष्ठा असेल आणि हात लावताच अळी वळवळत खाली पडत असेल, तर ते जाळे पाने गुंडाळणाऱ्या अळीचे. तो झुबका काढून जाळा. दोन्हीत गल्लत करू नका.

आता मुद्दा फवारणीचा. डेल्टामेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ही कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके कोळ्यांना फार घातक. फवारणीनंतर तुडतुडे शेजारच्या बागेतून आणि खोडाच्या सालीतून परत येतात. त्यांना पंख आहेत. कोळ्याला पंख नाहीत. त्याची पिल्ले धाग्यावर वाऱ्याने तरंगत येतात, वाढायला आठवडे घेतात, तोवर मोहोर उमलून गेलेला असतो. पायरेथ्रॉइड पुन्हा पुन्हा मारले की पुढे फुलकिडी (थ्रिप्स) उसळतात, तेही याच वाटेने.

कोकण कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकात पालवीवर डेल्टामेथ्रीन २.८ टक्के प्रवाही ९ मिली आणि बोंगे (मोहोराचे कोंब) फुटताना लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ५ टक्के प्रवाही ६ मिली प्रति १० लिटर पाणी अशा मात्रा आहेत. मात्रेत बदल करू नका. पण पालवीवर तुडतुडे दिसत नसतील तर केवळ तारीख आली म्हणून पंप चालवू नका. तुडतुड्यांची पिल्ले जास्त असतील तर ब्युप्रोफेझीन २५ टक्के प्रवाही २० मिली प्रति १० लिटर वापरा. ते पिल्लांची कात अडवते, कोळ्यांना त्याची झळ कमी लागते. प्रौढ तुडतुड्यांवर त्याचा भरवसा धरू नका. मोहोराला ५ ते १० तुडतुडे दिसू लागले तर थांबू नका, इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के ३ मिली प्रति १० लिटर घ्या. भुरी (मोहोरावरची पांढरी बुरशी) दिसली तर त्यात हेक्साकोनॅझोल ५ मिली मिसळा. फुलकिडीसाठी स्पिनोसॅड ४५ टक्के २.५ मिली प्रति १० लिटर.

दुकानातले तीन-चार औषधांचे ‘मिक्स’ घेऊ नका. त्यात एखादे पायरेथ्रॉइड दडलेले असू शकते आणि बाटलीमागे तुमच्या पेटीचा भाव जातो.

आता अनुभवाचा अंदाज सांगतो. गडग्याकडेची एक-दोन कलमे फवारणीविना ठेवली, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोळी बागेत पुन्हा पसरतात. आतल्या जून पानांवर फवारा मारायचे टाळले तरी बरेच कोळी वाचतात. मोहोर बाहेरच्या शेंड्यांवर असतो, पंपाचा रोख तिथेच हवा. ज्यांनी हे केले त्यांच्याकडे फुलकिडीचा जोर उशिरा येतो असे मला दिसते.

कोळ्यांच्या भरवशावर मात्र बसू नका. आभाळ दोन दिवस झाकोळलेले आणि हवेत दमटपणा असेल तर तुडतुडे झपाट्याने वाढतात, चिकटा पडतो, काळी बुरशी चढते. त्या वेळी कोळी पुरे पडत नाहीत.

इतर कामे:
– वाळक्या, रोगट फांद्या छाटून जाळणे
– बांडगुळे काढणे
– आळ्यातले गवत काढणे
– फुले पूर्ण उमललेली असताना फवारणी टाळणे
– फवारताना मास्क, हातमोजे
– रिकाम्या बाटल्या विहिरीपासून दूर

प्रत्येक फवारणीआधी वेगवेगळ्या बाजूंची दहा कलमे निवडा, प्रत्येकाची दहा पाने उलटा, चार मोहोर पांढऱ्या कागदावर झटका. तुडतुडे किती, कोळी किती, हे वहीत लिहा आणि मगच टाकीत पाणी भरा.