साध्या वेब सर्व्हरवरून कुस्तीचे चित्रीकरण दाखवताना
कोल्हापूरच्या खासबाग मैदानातील कुस्तीचे चित्रीकरण संकेतस्थळावर दाखवण्यासाठी वेगळा स्ट्रीमिंग सर्व्हर लागत नाही. अपाची किंवा एनजिनएक्स यांसारखा साधा वेब सर्व्हर पुरेसा आहे. चित्रफीत एच.२६४ (चित्रासाठी) व एएसी (आवाजासाठी) या संक्षेपण-पद्धती वापरून एमपी४ फाइलमध्ये साठवावी. खरी मेख पुढेच आहे: या फाइलची अनुक्रमणिका, म्हणजे 'मूव' हा भाग, पुष्कळदा शेवटी लिहिला जातो, त्यामुळे तो हाती येईपर्यंत ब्राउझरला चित्र सुरू करता येत नाही. एफएफएमपेग या चित्रफिती हाताळणाऱ्या साधनाच्या 'फास्टस्टार्ट' पर्यायाने, पुन्हा एन्कोड न करता, तो सुरुवातीला आणावा. त्यानंतर सर्व्हर रेंज विनंतीला, म्हणजे फाइलचा ठरावीक भागच मागणाऱ्या विनंतीला, २०६ (फक्त तेवढा भाग) हे उत्तर देतो का, हे आवर्जून तपासावे. २०० (पूर्ण फाइल) आले, तर प्रेक्षकाला थेट निकाली डावापाशी जाणे अवघड होते. मोबाइलवर पाहणाऱ्यांसाठी ४८०पी दर्जाची हलकी प्रतही ठेवावी.