खेळाडू आणि संघ-व्यवस्थापक अशा दुहेरी कारकिर्दीचा गौरव कसा करावा

निवृत्त हॉकीपटूच्या सत्कारात मैदानावरच्या पराक्रमालाच सारा वेळ दिला जातो आणि व्यवस्थापक म्हणून केलेले काम शेवटच्या दोन वाक्यांत उरकले जाते. हा अन्याय टाळायचा असेल, तर मानपत्राची आखणी करतानाच दोन्ही पर्वांना स्वतंत्र जागा राखून ठेवावी.

आइस हॉकीतील जो सॅकिक या खेळाडूचे उदाहरण घेऊ. त्याचे १,३७८ सामने आणि ६२५ गोल एका वाक्यात सांगून पुढे जावे. २००१ मध्ये त्याच्या कोलोरॅडो ॲव्हलांश संघाने उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीचा सर्वोच्च मान असलेला स्टॅनली चषक जिंकला, तेव्हा कर्णधार सॅकिकने तो हाती येताच स्वतः न उंचावता, बावीस मोसम त्याची वाट पाहिलेल्या सहकारी रे बोर्कच्या हाती दिला. हा प्रसंग मात्र सावकाश सांगावा, कारण त्यातून माणूस दिसतो.

व्यवस्थापकाचे कर्तृत्व चित्रफितीत सापडत नाही, ते निर्णयांतून उलगडावे लागते. निवृत्तीनंतर सॅकिक याच संघाचा व्यवस्थापक झाला आणि त्याच्या कारकिर्दीत, २०१६-१७ च्या मोसमात, संघ अवघ्या ४८ गुणांसह तळाला गेला होता. ही पडझड मुळीच गाळू नये. ती सांगितल्याशिवाय २०१७ मध्ये नवोदित केल मकारची केलेली निवड, त्याच वर्षी मॅट ड्युशेनला सोडून सॅम्युएल जिरार्डला आणण्याचा व्यवहार आणि २०२२ चे विजेतेपद यांचे मोल श्रोत्यांना कळणार नाही.

खेळाडू म्हणून सॅकिकची १९ क्रमांकाची जर्सी २००९ मध्येच सन्मानाने निवृत्त करण्यात आली. व्यवस्थापकाच्या गौरवासाठी मात्र त्याने निवडलेल्या खेळाडूंनाच आवर्जून बोलते करावे.