'रन' म्हणजे नुसतं पळणं नव्हे: या चुका टाळा

'रन'चा अर्थ विचारला की पहिलं उत्तर ठरलेलं: पळणे. ते चूक नाही, पण फार पुरतही नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद 'सेट'ची होती. पुढे 'रन'ची नोंद सुधारायला घेतली, तेव्हा एकट्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ भरले. ते पाठ करायला बसू नका. 'एका शब्दाचे पन्नास अर्थ' छापाच्या याद्यांनी आजवर कुणाचं इंग्रजी सुधारलेलं नाही. यादीत अर्थ मिळतो, पण तो कुठे बसवायचा ते मिळत नाही.

आधी कर्ता बघा. माणूस किंवा जनावर असेल तर बहुधा पळणंच. बाकी ठिकाणी पहिल्यांदा 'चालणे' किंवा 'चालवणे' लावून पाहावं, कारण आपल्याकडे जे चालतं ते इंग्रजीत पळतं: दुकान, यंत्र, संस्था, प्रोग्राम. पातळ पदार्थ असेल तर वाहणे. 'हिज नोज इज रनिंग' म्हणजे त्याचं नाक वाहतंय. कपडा असेल तर रंग जाणे. रस्ता 'रन्स अलाँग द रिव्हर' असेल तर तो नदीच्या कडेने जातो, आणि तिथे पळायला कुणीच नसतं. 'द कार वॉज लेफ्ट रनिंग' मधली गाडी तर जागची हललेलीही नाही, फक्त इंजिन सुरू राहिलंय.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. पाण्याच्या पंपाच्या माहितीपत्रकात सूचना असते: 'डू नॉट रन द पंप ड्राय'. घाईघाईचं भाषांतर होतं, 'पंप चालवून कोरडा करू नका'. वाचणारा म्हणतो, बरं, नाही करत कोरडा, आणि टाकीत पाणी नसताना बटण दाबतो. मूळ सूचना नेमकी याच्याविरुद्ध होती: पंप कोरडा असताना चालवू नका. पंपाच्या सीलचे दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांवर घासत फिरतात. त्यांच्यामधला पाण्याचा पातळ थर वंगणही असतो आणि गारवाही. तो नसला की सील तापतं, तडकतं, मग पंप गळू लागतो. इथे 'ड्राय' ही आधीची अवस्था आहे. पण 'डू नॉट रन द टँक ड्राय' म्हटलं तर तीच रचना उलटी फिरते: टाकी पार रिकामी होऊ देऊ नका. इथे 'ड्राय' हा परिणाम. आणि 'द वेल रॅन ड्राय' म्हणजे विहीर आटली. व्याकरणाने हा फरक कळत नाही, वस्तू काय काम करते ते माहीत असावं लागतं. म्हणून सूचनांचं भाषांतर अ‍ॅपमध्ये टाकून मोकळं होऊ नये. निदान एकदा यंत्र डोळ्यांसमोर आणावं.

मग मागून येणारा शब्द. 'द मिल्क हॅज रन आउट' मध्ये दूध संपलं. 'वी हॅव रन आउट ऑफ मिल्क' मध्येही दूधच संपलं, पण कर्ता आपण आहोत, म्हणून 'ऑफ' लागतो. 'द मिल्क हॅज रन आउट ऑफ' असं वाक्य अधांतरी लोंबकळतं. मात्र 'ही रॅन आउट ऑफ द रूम' मधला माणूस खरोखर धावत बाहेर पडला, आणि क्रिकेटमधला 'रन आउट' झाला धावचीत. 'रन इन्टू' पुढे मित्र आला तर अचानक गाठ पडली, भिंत आली तर धडक बसली, लाखाचा आकडा आला तर खर्च तिथवर गेला. 'रन ओव्हर' गाडीने केलं तर माणूस चिरडला जातो, सभेने केलं तर ती लांबते. हे तुकडे अख्ख्या वाक्यासकट वहीत उतरवावेत. सुटा शब्द लिहिला की आठवड्यात उडून जातो.

निवडणुकीला 'रन फॉर' म्हणजे उभं राहणं. तिथे 'निवडणुकीसाठी धावला' असं लिहिणाऱ्याने वर्तमानपत्र उघडलेलं नसतं. 'इट रन्स इन द फॅमिली' म्हणजे घराण्यातच आहे. 'रनिंग अ फीवर' म्हणजे अंगात ताप आहे. 'प्रिंट रन' म्हणजे एका खेपेला छापलेल्या प्रती.

आणि 'हॅड रॅन' नाही, 'हॅड रन'. रन, रॅन, रन.