पाकिटावर हाताने लिहिल्यासारखं नाव पाहिजे? कलम फॉन्ट असा वापरा

सोलापुरात घरगुती शेंगा चटणी, कडक भाकरी विकणाऱ्यांना पाकिटावर नाव हाताने लिहिल्यासारखं पाहिजे असतं, आणि बरोबरच आहे, घरची चटणी घरच्या अक्षरात शोभते. त्यासाठी कलम फॉन्ट घ्या. इंडियन टाइप फाउंड्रीचा आहे, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही आहे, लाइट, रेग्युलर, बोल्ड असे तीन प्रकार येतात. लायसन्स ओपन आहे, विकायच्या मालावर बिनधास्त छापा, फक्त नुसती फॉन्टची फाइल विकता येत नाही.

डाउनलोड झालेली झिप उघडा, आतल्या फॉन्टच्या फाइलवर राइट क्लिक करून इन्स्टॉल करा, झालं. पण लगेच डिझाइनला बसू नका, आधी एक ओळ टाइप करून बघा: "दुसऱ्या गल्लीतली ताजी शेंगा चटणी, बाळे, सोलापूर, ॲडव्हान्स ₹१००". यात ऱ्या, ळ, ॲ, ₹ सगळं आलं. श आणि ल हिंदी वळणाचे दिसतायत का तेही बघा, सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडायची सोय असेल तर निवडा, कधी कधी तेवढ्यानं आपले श-ल येतात. कुठलाही हस्ताक्षरी फॉन्ट घेताना ही ओळ टाकाच, नुसतं "नमस्कार" सगळ्यातच छान दिसतं बगा.

फोटोशॉप, इलस्ट्रेटरमध्ये वेलांटी भलतीकडे गेली, जोडाक्षर फुटलं तर फॉन्टला शिव्या देऊ नका, टाइपच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू करा: फोटोशॉपमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट, इलस्ट्रेटरमध्ये इंडिक ऑप्शन्स चालू करून साउथ एशियन कंपोझर. जुन्या कोरलड्रॉमध्ये मात्र युनिकोड मराठीचा (कलमसारख्या फॉन्टमधल्या, मोबाइलवर टाइप करतो तशा मराठीचा) खेळखंडोबाच होतो, म्हणून तर बरेच प्रेसवाले अजून श्रीलिपी हे जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर सोडत नाहीत.

आता वापर. कलम फक्त नावाला आणि फार तर खालच्या एका ओळीला, "आईच्या हातची" वगैरे. घटक, वजन, तारीख, पत्ता हे मुक्तासारख्या साध्या फॉन्टमध्ये टाका, कारण पाकिटावर ती अक्षरं बारीक असतात आणि तिरकं हस्ताक्षर बारीक केलं की वाचताच येत नाही. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते, इंग्रजीत चालतं ते आपल्याकडे चालत नाही. ओळींमधलं अंतर मात्र सढळ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. हुरडा पार्टीच्या व्हॉट्सॲप आमंत्रणाला रेग्युलर छान दिसतो, गड्डा यात्रेतल्या स्टॉलच्या फ्लेक्सला बोल्डच, लाइट लांबून गायब होतो.

आणि तेलुगू किंवा कन्नडमध्ये पण नाव पाहिजे असेल, आपल्याकडे बऱ्याच गिऱ्हाइकांना लागतं, तर त्या लिप्या कलममध्ये नाहीत, तेवढ्याच जाडीचा दुसरा फॉन्ट शोधा.

प्रेसला फाइल देताना अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांमध्ये, बदलून द्या, मग त्यांच्याकडे फॉन्ट नसला तरी काही बिघडत नाही. पण एकदा कर्व्ह केलं की ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही, त्यामुळे मूळ फाइल वेगळी सेव्ह करून ठेवा आणि पाठवायच्या आधी मोबाइल नंबर दुसऱ्याकडून वाचून घ्या.