9/11 च्या मदतकार्यातील कामगारांनी सरकारी खर्चाने उपचार कसे मिळवावेत

11 सप्टेंबर 2001 नंतर न्यूयॉर्कमध्ये कोसळलेल्या मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यावर राबलेल्या अग्निशामक, पोलीस, बांधकाम कामगार आणि स्वयंसेवकांच्या उपचारांसाठी झड्रोगा कायद्याखाली (त्यांच्यासाठीच केलेला अमेरिकी कायदा) 2011 मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटर आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, आणि 2015 मध्ये त्याची मुदत 2090 पर्यंत वाढवण्यात आली. दरवर्षीची रक्कम मात्र ठरलेल्या सूत्रानेच वाढत असल्याने ती खर्चाला अपुरी पडू लागली व डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकी संसदेला 1 अब्ज डॉलरची भर घालावी लागली.

अर्ज भरण्यापूर्वी आपला गट ओळखावा. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे निकष वेगळे आहेत. लोअर मॅनहॅटनमध्ये कॅनाल स्ट्रीटच्या दक्षिणेस काम केलेल्या इतर कामगार-स्वयंसेवकांसाठी 11 ते 14 सप्टेंबरदरम्यान किमान 4 तास, त्याच महिनाअखेरपर्यंत 24 तास किंवा 31 जुलै 2002 पर्यंत 80 तास, यांपैकी एक अट पुरेशी असते.

खरी अडचण पुराव्याची येते. पगाराची चिठ्ठी किंवा मालकाचे पत्र असल्यास उत्तम, पण स्वयंसेवकाकडे बहुधा यातले काहीच नसते, आणि तेव्हा शपथेवरील निवेदनाचा आधार घ्यावा लागतो. त्यात ‘मी मदत केली’ एवढेच लिहून भागत नाही. ‘12 सप्टेंबरला सकाळी 6 ते दुपारी 2 या वेळेत बादल्यांच्या रांगेत उभा राहून राडारोडा पुढे देत होतो’ इतक्या तपशिलाने तारीख, वेळ, जागा आणि काम नोंदवावे. अर्जदाराचे नाव दहशतवाद्यांच्या यादीशीही ताडून पाहिले जाते. ढिगारे उपसलेल्या माणसाला हे खटकेल, पण तशी तरतूद कायद्यातच आहे.

नावनोंदणी झाली म्हणजे उपचारांचा खर्च मंजूर झाला, असा समज अनेकांचा असतो आणि तो चुकीचा आहे. कार्यक्रमाच्या डॉक्टरांनी तपासून आजाराचा ढिगाऱ्यातील धुळीशी किंवा हल्ल्याच्या प्रसंगाशी संबंध असल्याचे कळवावे लागते, त्यानंतर कार्यक्रम तो आजार प्रमाणित करतो, आणि मगच त्याचे उपचार व औषधे सदस्याच्या खिशाला तोशीस न लागता मिळतात. कर्करोगाचा समावेश 2012 मध्ये झाला. मात्र बहुतेक गाठींच्या कर्करोगांसाठी त्या धुळीशी आलेला संपर्क आणि निदान यांत किमान 4 वर्षांचे अंतर असावे लागते. न्यूयॉर्क सोडून गेलेल्यांसाठी देशभरातील डॉक्टरांचे स्वतंत्र जाळे आहे.

रोख भरपाई देणारा व्हिक्टिम कॉम्पेन्सेशन फंड ही वेगळी योजना असून आरोग्य कार्यक्रमातील नावनोंदणी तिथे चालत नाही. आजार प्रमाणित झाल्यापासून साधारणपणे 2 वर्षांच्या आत तिथे नाव नोंदवावे लागते. या नोंदणीने दाव्याचा हक्क शाबूत राहतो, आणि प्रत्यक्ष दावा कागदपत्रे जमल्यावर 1 ऑक्टोबर 2090 पर्यंत केव्हाही दाखल करता येतो.