जुन्या फियाटचे पार्ट शोधता? मंग या चुका टाळा राजेहो

आबाजीची ८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे आमच्याकडे, गावात अजूनही सगळे तिले फियाटच म्हणतात. तीन वर्षं झाली मी तिच्या मागं लागलो, आणि पार्टात जेवढा पैसा गेला त्यातला अर्धा तं चुकीच्याच पार्टात गेला. असं एक खोकं घरी भरून आहे, बायको म्हणते किलोवर विकून टाका.

सगळ्यात महाग चूक पहिलीच. काय बिघडलं ते न पाहता पार्ट मागवला. मे महिना, ४५ डिग्री, दारव्हा रोडवर गाडी दम टाकून उभी. चार जण जमले, चौघंही म्हणे कार्बोरेटर (पेट्रोल अन् हवा मिसळून इंजिनले देणारा) गेला. मुंबईहून मागवला, बसवला, चार दिवसांनी गाडी त्याच पुलाजवळ पुन्हा बंद. झालं काय होतं, तं पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचायच्या आधीच पंपात अन् पाईपात गरमीनं उकळत होतं, त्याची वाफ झाली की पंप नुसता वाफ ढकलत बसते. पंपावर ओलं फडकं टाकलं, पंधरा मिनिटं थांबलो, एका सेल्फमधे चालू. फडक्याचे पैसे शून्य!

म्हणून गाडी बंद पडली की आधी करंट, म्हणजे प्लगले ठिणगी येते का, ते पाहा. एक प्लग काढून वायरीत लावा, ब्लॉकला टेकवा, कोणाले तरी सेल्फ मारायला सांगा (पेट्रोल सांडलं असेल तं हे करू नका बाप्पा). निळी कडक ठिणगी आली तं करंट ठीक आहे, पेट्रोलच्या बाजूनं शोधा. पिवळी मरतुकडी आली किंवा आलीच नाही, तं ठिणगी बनवणारे पार्ट पाहा: पॉइंट, कंडेन्सर, कॉइल. पॉइंट वारंवार जळत असले तं कंडेन्सरवर संशय घ्या, गरम झाल्यावर दगा देणारा तो नंबर एक. एवढासा पार्ट, पण त्याच्यापायी लोक पूर्ण डिस्ट्रिब्युटर (सगळ्या प्लगले करंट वाटणारा) बदलून मोकळे होतात.

दुसरी चूक म्हणजे दुकानात जाऊन गाडीचं नाव घेणं. अमरावतीले एका दुकानात म्हटलं, फियाटचं ऑइल सील (ऑइल गळू न देणारी रबराची रिंग) द्या. तो माझ्याकडं पाहून हसला, म्हणे भाऊ ते कवाचंच बंद झालं. बाहेर येऊन चहा पेलो, मंग जुनं सील पुसून पाहिलं तं त्याच्यावर आकडे होते. पुन्हा आत गेलो, गाडीचं नाव न काढता नुसते आकडे सांगितले, त्यानंच मागच्या फळीवरून काढून दिलं. सीलवर ३५-५२-७ असं लिहिलं असते, म्हणजे आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमधे. बेरिंगचंही तसंच, ६२०३ म्हटलं की आतून १७, बाहेरून ४०, जाडी १२, मंग ती फियाटमधे बसो का पाण्याच्या मोटरीत. आकडे घासले असतील तं व्हर्निअरनं (बारीक माप घ्यायची पट्टी) मोजा, नसेल तं टर्नरकडं जा. आणि नवा बसून गाडी चालेपर्यंत जुना पार्ट फेकू नका, आमच्या मिस्त्रीनं एकदा भंगारात टाकला तं नमुनाच राहिला नाही.

मुंबईहून मागवायचं असेल तं नुसतं "फियाट" पुरत नाही. याच गाडीची आधीची नावं, डिलाइट वेगळी, प्रेसिडेंट वेगळी, १९७४ पासून पद्मिनी, आणि पद्मिनीतही बॅटरी चार्ज करायले कोणाले डायनामो तं कोणाले अल्टरनेटर, बहुतेकांचा गिअर स्टेअरिंगले पण शेवटच्या काही गाड्यांत खाली. साल सांगा, इंजिन नंबर सांगा, पार्टाचा फोटो पट्टी बाजूले ठेवून पाठवा, आणि समोरच्याचा तसाच फोटो आल्याशिवाय पैसे टाकू नका. अँबॅसिडरचा बोल्ट "बसून जाते" म्हणणाऱ्याचं तं ऐकूच नका, ती विलायती, तिचं माप इंचात, आपली इटलीची, मिलिमीटरची, जबरदस्तीनं पिळला की आटे गेले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत पद्मिनी होत्या तोवर माल फिरत होता, २०२३ च्या ऑक्टोबरात त्याही रस्त्यावरून गेल्या, म्हणून आता चुकीचा पार्ट परत घ्यायला कोणी तयार होत नाही.

रबराबद्दल लोक लय फसतात. "कंपनी पॅक, कधी न वापरलेला" म्हणून व्हील सिलिंडरची (चाकातल्या ब्रेकची) रबर किट घेतात, पण रबर पाकिटातही म्हातारं होते भाऊ. लोखंडी पार्ट जुना पॅक खुशाल घ्या, ब्रेकचं रबर, पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा), पेट्रोलचा पाईप मात्र नवाच बनलेला घ्या. पाईप इथेनॉल झेपणारा आहे का ते विचारा, आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलवालं येते, जुनं रबर फुगते. आणि ब्रेकची किट पेट्रोलनं किंवा डिझेलनं धुऊ नका, मी धुतली होती, रबर फुगलं अन् पुढचं चाक जाम. फक्त ब्रेक ऑइल.

इंजिन खोललं असेल तं पिस्टन आधी घेऊन ठेवू नका. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५, चारही सिलिंडर मिळून १०८९ सीसी, पण चाळीस वर्षांत किती वेळा बोअर झालं, म्हणजे घासून मोठं केलं, हे कोण सांगणार. आधी ब्लॉक मोजा, कोणता ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठा पिस्टन) लागते ते ठरवा, तो पिस्टन सेट हातात आला की त्याच्या मापानं बोअरिंग करा. उलटं केलं तं सेट खोक्यात जाते. माझ्या खोक्यात आहे.

आणि अख्खं इंजिन भंगारातून स्वस्तात भेटलं तरी बिल अन् त्या गाडीचे कागद नसतील तं हात लावू नका. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसीचं (गाडीच्या नोंदणीचं) नूतनीकरण करावं लागते, तेव्हा इंजिन अन् चेसिस नंबर पाहतात. बदललेलं इंजिन आरसीवर चढवलं नसेल तं गाडी चालू असूनही तिथंच अडते.